नवे राष्ट्र, जुना बर्फ : हिवाळी खेळांतील स्लोव्हेनियाचा प्रकरण अभ्यास

८ फेब्रुवारी १९९२ रोजी फ्रान्समधील आल्बेरव्हिल येथे सोळाव्या हिवाळी ऑलिम्पिकचे उद्‌घाटन झाले, तेव्हा संचलनात स्लोव्हेनियाचा ध्वज प्रथमच दिसला. तो ध्वज स्की जंपिंगमधील (बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन हवेत लांब झेप घेण्याच्या खेळातील) विद्यमान जगज्जेता फ्रांत्सी पेतेक याच्या हाती होता. या देशाने युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केले होते २५ जून १९९१ रोजी, म्हणजे अवघ्या साडेसात महिन्यांपूर्वी. युरोपीय समुदायाने त्याला १५ जानेवारी १९९२ रोजी मान्यता दिली आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व तर त्यानंतर, २२ मे १९९२ रोजी मिळाले. संयुक्त राष्ट्रसंघात आसन मिळण्याच्या साडेतीन महिने आधीच हा देश ऑलिम्पिकमध्ये उतरला होता. दोन वर्षांनी, नॉर्वेतील लिलेहॅमर येथे, वीस लाख लोकवस्तीच्या या देशाने तीन कांस्यपदके मिळवली.

ही कथा बहुधा चिमुकल्या नवजात राष्ट्राचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती तशी सांगणे स्लोव्हेनियावरही अन्याय करणारे आहे आणि त्याच्या मागून आलेल्या नव्या राष्ट्रांवरही. राज्य म्हणून स्लोव्हेनिया १९९१ साली जन्माला आला. बर्फावरचा देश म्हणून तो फार जुना होता. राजकीय स्वातंत्र्याने त्याच्या खेळात नेमके काय बदलले, काय आधीपासूनच त्याच्या गाठीशी होते आणि काय त्याला नव्याने, पदरमोड करून उभे करावे लागले, याचा हिशेब मांडणे हा या अभ्यासाचा हेतू आहे.

आधी वारशाकडे पाहू. स्लोव्हेनियातील ब्लोके पठारावरचे शेतकरी लाकडी फळ्या पायांना बांधून बर्फाच्या उतारांवरून घसरत जातात, याचे वर्णन वाल्वासोर या विद्वानाने १६८९ सालीच लिहून ठेवले आहे. आधुनिक खेळाची मुळे मात्र विसाव्या शतकातली. वायव्येकडील प्लानिट्सा खोऱ्यात १९३० च्या दशकात स्की जंपिंगसाठी प्रचंड उतार बांधला गेला, अभियंता स्टांको ब्लूडेक याने तो वाढवला, आणि मार्च १९३६ मध्ये तिथेच ऑस्ट्रियाचा सेप ब्राडल हा शंभर मीटरच्या पुढे झेप घेणारा जगातील पहिला स्कीपटू ठरला. पुढे १९६९ साली गोरिशेक बंधूंनी त्याच खोऱ्यात आणखी मोठा, ज्यावरून उडी मारणे हे उडण्यासारखेच भासावे असा उतार उभारला. अल्पाइन स्कीइंगमध्ये, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतींमध्ये, मारिबोर येथे महिलांची आणि क्रान्यस्का गोरा येथे पुरुषांची आंतरराष्ट्रीय शर्यत १९६० च्या दशकापासून भरत होती. शर्यतीचा मार्ग आखणारे, बर्फ दाबून कडक करणारे, वेळ मोजणारे आणि सुरक्षा जाळ्या बांधणारे अनुभवी लोक त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. खेळाडूंच्या नावांखाली झाकली जाणारी ही माणसे या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण त्यांना आयात करता येत नाही आणि एका अर्थसंकल्पात घडवताही येत नाही.

उद्योगाची जोडही होती. बेगुन्ये गावातील एलान हा कारखाना १९४५ पासून स्की बनवत होता आणि स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कसारख्या आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ स्लॅलमपटूने (स्लॅलम म्हणजे खांबांमधून वळणे घेत उतरण्याची शर्यत) आपले विजय एलानच्याच स्कींवर मिळवले होते. झिरी या छोट्या गावातील आल्पिना कारखान्यात स्कीचे बूट बनत. शाळांमध्ये मुलांना हिवाळ्यात काही दिवस डोंगरात नेऊन स्कीइंग शिकवण्याची पद्धत होती. कूपने विकून आणि टीव्हीवर सोडत काढून स्कीइंगसाठी निधी उभारणारी ‘पोदारिम-डोबिम’ ही मोहीम १९८० च्या दशकातच घराघरांत पोहोचली होती. स्कीइंग हा तिथे श्रीमंतांचा शौक नव्हता.

आता युगोस्लाव्हियाच्या काळातील एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १९२४ ते १९८८ या काळात युगोस्लाव्हियाने हिवाळी ऑलिम्पिकमध्ये एकूण चार पदके मिळवली आणि ती चारही स्लोव्हेनियन खेळाडूंनी मिळवलेली होती. १९८४ मध्ये सारायेव्हो येथे युरे फ्रांकोने जायंट स्लॅलममध्ये रौप्यपदक जिंकले, ते त्या देशाचे पहिले हिवाळी पदक. १९८८ मध्ये कॅल्गरी येथे मातेया स्वेतने स्लॅलममध्ये रौप्य, मात्याझ देबेलाकने स्की जंपिंगमध्ये कांस्य आणि जंपिंगच्या चार जणांच्या संघाने रौप्य मिळवले. त्याआधी बोयान क्रिझाय याने १९८० साली स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे विश्वचषकातील, म्हणजे मोसमभर ठिकठिकाणी होणाऱ्या शर्यतींतील, एक शर्यत जिंकून या मालिकेची सुरुवात केली होती. दोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या संघराज्याचे हिवाळी यश हे एका लहान प्रजासत्ताकाचे यश होते. म्हणून १९९१ मध्ये वेगळे होताना, या एका क्षेत्रात तरी, स्लोव्हेनिया संघराज्याचा तुकडा घेऊन बाहेर पडला नाही. जवळजवळ सारे घर घेऊनच बाहेर पडला.

अर्थात घर शाबूत राहिले म्हणूनच ते नेता आले. स्लोव्हेनियातील युद्ध दहा दिवसांत संपले. ७ जुलै १९९१ च्या ब्रियोनी करारानंतर लढाई थांबली, ऑक्टोबरअखेर युगोस्लाव्ह सैन्य बाहेर पडले, आणि पहिला बर्फ पडला तेव्हा उतार, लिफ्ट आणि प्रशिक्षण केंद्रे जागच्या जागी होती. हे किती मोठे भाग्य होते ते कळण्यासाठी सारायेव्होकडे पाहावे. जिथे फ्रांकोने पदक जिंकले, त्या शहराभोवतीच्या डोंगरांवर १९९२ पासून रणांगण पसरले; त्रेबेविच डोंगरावरची बॉबस्लेची (बर्फावरील घसरगाडीची) मार्गिका तोफखान्याचे ठाणे बनली आणि झेत्रा क्रीडागृहाजवळच्या जमिनीत मृतांना पुरावे लागले. बोस्निया हेही १९९२ मधले नवे राष्ट्रच होते, त्याच्याकडे तर ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या सुविधा होत्या. स्लोव्हेनियाच्या यशाची कारणे मोजताना शिस्त, परंपरा, कष्ट यांची नावे घेतली जातात आणि ती खोटी नाहीत, परंतु युद्धाचा अल्प कालावधी हे त्यांच्यापेक्षा लहान कारण नव्हते.

मान्यतेची प्रक्रियाही विलक्षण वेगाने पार पडली. स्लोव्हेनियाची ऑलिम्पिक समिती १५ ऑक्टोबर १९९१ रोजी स्थापन झाली आणि १९९२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला सामावून घेतले. क्रोएशियालाही तीच वाट मिळाली, आणि तिन्ही बाल्टिक देशही त्याच वर्षी अनेक दशकांनंतर आपापल्या ध्वजाखाली परतले. युरोपचा नकाशा बदलत असताना ऑलिम्पिक समितीने राजनैतिक मान्यतेचे शेवटचे कागद पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही, याचा स्लोव्हेनियाला प्रत्यक्ष लाभ झाला. एका खेळाडूच्या आयुष्यात शिखराची वर्षे तीन-चारच असतात. समितीने एक हिवाळा जरी वाया घालवला असता, तरी १९९२ च्या पिढीतील काहींना आपल्या देशाच्या नावाने ऑलिम्पिकमध्ये कधीच उतरता आले नसते.

तरीही सर्व खेळांना ही वाट सारखी सोपी नव्हती, आणि या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग मला तोच वाटतो. स्कीइंगमध्ये क्रमवारीचे गुण खेळाडूचे असतात. स्लॅलमपटू किंवा जंपर कोणत्या देशाच्या नावाने उभा आहे हे बदलले तरी त्याने कमावलेली गुणवत्ता त्याच्यासोबत जाते. पेतेकने १९९१ मध्ये इटलीतील व्हाल दी फिएम्मे येथे मोठ्या उतारावरचे जागतिक विजेतेपद युगोस्लाव्हियासाठी जिंकले, पण आल्बेरव्हिलला तो जगज्जेता म्हणूनच, आपल्या नव्या देशाचा ध्वज घेऊन गेला. शिवाय विश्वचषकात आणि ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक देशाला ठरावीक जागा असतात. त्या आता इतर कोणाशी वाटून घेण्याचा प्रश्न उरला नाही.

आइस हॉकीमध्ये चित्र उलटे होते. पोलाद कारखान्याचे गाव असलेल्या येसेनित्सेच्या संघाने युगोस्लाव्ह हॉकीचे विजेतेपद २३ वेळा जिंकले होते आणि राष्ट्रीय संघातही प्रामुख्याने स्लोव्हेनियन खेळाडूच असत. परंतु सांघिक खेळात स्थान संघाचे असते, म्हणजे राज्याचे, आणि युगोस्लाव्हियाचे ते स्थान स्लोव्हेनियाला मिळाले नाही. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे सदस्य झाल्यावर त्यांना १९९३ ची स्पर्धा ‘क’ गटातून, म्हणजे तळातून सुरू करावी लागली. ती स्पर्धा त्यांच्याच देशात झाली खरी, पण त्याच गटात सोव्हिएत संघातून बाहेर पडलेले लॅटव्हिया, युक्रेन आणि कझाकस्तानही होते, आणि वर जाण्याची जागा लॅटव्हियाने घेतली. सर्वोच्च गटात पोहोचायला स्लोव्हेनियाला २००२ साल उजाडले आणि ऑलिम्पिकचा बर्फ गाठायला २०१४. तोवर येसेनित्सेत जन्मलेला आन्झे कोपितार अमेरिकेतील व्यावसायिक लीगचा अग्रगण्य खेळाडू झाला होता, आणि सोची येथे त्याच्या वडिलांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या या संघाने स्लोव्हाकिया आणि ऑस्ट्रिया यांना हरवून सातवे स्थान मिळवले. एकाच देशाने, एकाच वर्षी, सारख्याच परंपरेनिशी प्रवेश केलेल्या दोन खेळांपैकी एकाला दोन वर्षे पुरली आणि दुसऱ्याला बावीस लागली. हा फरक गुणवत्तेचा नव्हता. नव्या राष्ट्राला कोणता नियम लागू होतो, याचा होता.

आल्बेरव्हिलला स्लोव्हेनियाला एकही पदक मिळाले नाही. देशांतर्गत परिस्थिती कठीण होती: जुन्या संघराज्याची बाजारपेठ तुटली होती, नवे चलन नुकतेच सुरू झाले होते, उत्पादन घसरत होते आणि खुद्द एलान कारखाना १९९० च्या सुमारास दिवाळखोरीत गेला होता. अशा वेळी पुढची संधी चार वर्षांनी आली असती, तर प्रायोजक आणि सरकार यांचा धीर टिकला असता का, ही शंका रास्त आहे. पण उन्हाळी आणि हिवाळी ऑलिम्पिक वेगवेगळ्या वर्षी भरवण्याचा निर्णय ऑलिम्पिक समितीने १९८६ मध्येच घेतला होता आणि त्यामुळे पुढचे हिवाळी ऑलिम्पिक दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये होते. स्लोव्हेनियाशी काडीचाही संबंध नसलेल्या या निर्णयाने त्याला तीच पिढी, तेच प्रशिक्षक घेऊन पुन्हा उभे राहण्याची मुभा दिली.

१९९३-९४ चा मोसम या प्रकरणाचा गाभा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये युरे कोशिरने इटलीतील मादोन्ना दी काम्पील्यो येथे विश्वचषकातील स्लॅलम जिंकला. त्याच महिन्यात कात्या कोरेनने ऑस्ट्रियातील फ्लाखाऊ येथे सुपर-जी (स्लॅलमपेक्षा लांब आणि वेगवान) शर्यत जिंकली, तीही ६६ व्या क्रमांकाने सुटून. एवढ्या मागून सुटणाऱ्या स्पर्धकासाठी मार्ग आधीच्या स्कींनी खोदून काढलेला असतो आणि विजेत्याचे अभिनंदनही बहुधा सुरू झालेले असते, त्यामुळे अशा विजयाचे मोल जाणकारांना वेगळे सांगावे लागत नाही. फेब्रुवारीत लिलेहॅमरच्या उद्‌घाटनात ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष सामारांच यांनी वेढ्यात अडकलेल्या सारायेव्होचे स्मरण केले. उरलेल्या युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्बंध असल्यामुळे तो देश तिथे नव्हता. २१ फेब्रुवारीला आलेन्का डोव्झानने अल्पाइन कम्बाइन्डमध्ये (सर्वांत वेगवान अशी डाउनहिल शर्यत आणि स्लॅलम यांची वेळ एकत्र मोजणाऱ्या प्रकारात) पेर्निला वीबर्ग आणि फ्रेनी श्नायडर यांच्यामागे तिसरे स्थान मिळवले आणि स्वतंत्र स्लोव्हेनियाला पहिले हिवाळी ऑलिम्पिक पदक लाभले. २६ तारखेला कोरेनने महिलांच्या आणि २७ तारखेला कोशिरने पुरुषांच्या स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळवले. कोशिरच्या पुढे होते थॉमस श्टांगासिंगर आणि आल्बेर्तो तोम्बा. त्रिग्लाव्ह पर्वताची आकृती मिरवणारा ध्वज आठवडाभरात तीनदा वर चढला.

त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, मार्च १९९४ मध्ये, प्लानिट्साने स्की फ्लाइंगच्या (सर्वांत मोठ्या उतारावरील जंपिंगच्या) जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे यजमानपद भूषवले आणि फिनलंडच्या टोनी निएमिनेनने तिथे २०३ मीटरची झेप घेऊन दोनशे मीटरची सीमा ओलांडली. राष्ट्र म्हणून तीन वर्षेही पूर्ण न झालेल्या देशात हा विक्रम घडला. यजमानपदाकडे सहसा प्रतिष्ठेचा भाग म्हणून पाहिले जाते. मला त्याचे व्यावहारिक मोल अधिक वाटते. जगभरच्या दूरचित्रवाणीवर वर्षातून तीनदा (प्लानिट्सा, मारिबोर आणि क्रान्यस्का गोरा येथून) देशाचे नाव, ध्वज आणि डोंगर दिसत राहिल्याने महासंघाला प्रायोजक मिळत राहिले, आणि स्थानिक मुलांना जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू आपल्या गावाबाहेरच्या उतारावर पाहता आले. एलाननेही त्याच काळात डोके वर काढले: युरीय फ्रांको (पदकविजेत्या युरे फ्रांकोशी नावापुरतेच साम्य असलेला अभियंता) आणि पावेल श्कोफित्स यांनी कडांना खोल वक्रता दिलेली स्की विकसित केली, आणि त्या आकाराने पुढे साऱ्या जगाचे स्कीइंग बदलले.

यानंतरची वाटचाल सरळ चढणीची नाही. १९९८ मध्ये नागानो येथे आणि २००६ मध्ये तुरीन येथे स्लोव्हेनियाला एकही पदक मिळाले नाही. मधल्या २००२ मध्ये जंपिंगच्या संघाला मिळालेले कांस्य हे एकमेव. नागानोच्या आधी आणि त्या मोसमातही प्रिमोझ पेतेर्का जंपिंगचा विश्वचषक जिंकत होता, तरीही ऑलिम्पिकचे दोन आठवडे हातातून निसटले. मोठ्या देशाचा एक खेळाडू चुकला तर दुसरा सावरून घेतो. लहान देशात तो दुसरा बहुधा नसतोच. या दुबळेपणावर स्लोव्हेनियाने काढलेला तोडगा नेहमीच संस्थात्मक होता असेही नाही. टीना माझे या स्कीपटूने २००८ मध्ये राष्ट्रीय व्यवस्थेपासून अलग होऊन स्वतःचा चमू उभारला, व्हँकूव्हरला २०१० मध्ये दोन रौप्यपदके मिळवली आणि २०१२-१३ च्या विश्वचषकात २,४१४ गुणांचा विक्रम केला. त्याच व्हँकूव्हरमध्ये पेत्रा मायदिचने सरावात खोल घळीत पडून बरगड्या मोडल्या असताना, फुफ्फुसाला इजा झाली असताना, क्रॉस-कंट्री स्प्रिंटमध्ये कांस्यपदक मिळवले. तिच्या धैर्यापुढे नतमस्तक व्हावे, पण तिला तशा अवस्थेत धावावे लागले याबद्दल अस्वस्थही व्हावे, असा तो प्रसंग आहे. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी सोची येथे टीना माझे आणि स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिझिन यांनी डाउनहिलमध्ये शतांश सेकंदापर्यंत सारखी वेळ नोंदवली आणि दोघींना सुवर्णपदक मिळाले. स्वतंत्र स्लोव्हेनियाचे ते पहिले हिवाळी सुवर्ण, आल्बेरव्हिलनंतर बावीस वर्षांनी मिळालेले. त्या स्पर्धेत एकूण पदके आठ झाली. २०२२ मध्ये बीजिंगला ती सात होती, त्यांतली चार स्की जंपिंगमधली आणि त्यांपैकी दोन सुवर्ण.

हे उदाहरण इतर नव्या राष्ट्रांना कितपत लागू पडते, हे पाहण्यासाठी त्याच संघराज्यातून निघालेला कोसोव्हो पुरेसा आहे. कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळायला डिसेंबर २०१४ उजाडला. स्लोव्हेनियाला जे काम काही महिन्यांत झाले, त्याला इथे जवळजवळ सात वर्षे लागली, कारण सर्बिया आणि इतर अनेक देश या राज्याचे अस्तित्वच मान्य करत नव्हते. शार पर्वतरांगेतील ब्रेझोवित्सा हे युगोस्लाव्ह काळापासूनचे नावाजलेले स्की केंद्र कोसोव्होच्या हद्दीत आहे, पण ते सर्बबहुल श्तेर्प्त्से भागात असून त्याच्या मालकीचा वाद मिटलेला नाही, आणि वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने तिथल्या लिफ्ट मोडकळीला आल्या. डोंगर आहे, बर्फ आहे. शर्यत भरवणारी, मुले घडवणारी व्यवस्था नाही.

२०१८ मध्ये प्योंगचांग येथे कोसोव्होने हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पहिले पाऊल टाकले ते एकाच खेळाडूनिशी. तो होता आल्बिन ताहिरी, आणि त्याने अल्पाइनच्या पाचही वैयक्तिक प्रकारांत भाग घेतला. त्याचे वडील कोसोव्होचे, आई स्लोव्हेनियन. तो जन्मला, वाढला आणि स्कीइंग शिकला तो स्लोव्हेनियात, आणि दंतवैद्यकाचे शिक्षणही त्याने लुब्लियानात घेतले. कोसोव्होला आपला पहिला हिवाळी ऑलिम्पियन मिळाला तो स्लोव्हेनियाच्या क्लब, उतार आणि प्रशिक्षकांच्या जोरावर. २०२२ मध्ये त्याच्यासोबत कियाना क्रिएझियू ही दुसरी खेळाडू होती. कोसोव्होची प्रगती मोजायची झाल्यास ती लिलेहॅमरच्या तीन पदकांशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. ब्रेझोवित्साच्या मालकीचा निवाडा केव्हा होतो, तिथल्या लिफ्ट केव्हा चालू होतात आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेची छोटी का होईना, पण दरवर्षी नेमाने होणारी शर्यत तिथे केव्हा भरू लागते, हे तिथले खरे मापदंड आहेत. यांपैकी पहिली गोष्ट क्रीडासंघटनांच्या हातात नाही, आणि तिच्यावाचून उरलेल्या दोन होणे कठीण आहे.